‘सुटका’ झालेल्या महिलेला वर्षभर का ठेवलं जातं? पिटा कायदा नेमका कोणाला लागतो?

‘लॉजवर छापा, तीन तरुणींची सुटका.’ अशी बातमी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या शहरातून येते. सुटका झालेल्या तरुणी पुढे कुठे जातात, हे मात्र बातमीत क्वचितच असतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या मुलुंडमध्ये असाच छापा पडला. त्यात सापडलेल्या ३४ वर्षांच्या महिलेला माझगावच्या दंडाधिकाऱ्यांनी वर्षभर निवारागृहात ठेवायचा आदेश दिला. कागदोपत्री ती आरोपी नव्हे, ‘पीडित’ होती. घरी तिची दोन मुलं होती. अखेर सत्र न्यायालयाने तिला सोडायला सांगितलं. सज्ञान स्त्रीने मर्जीने देहविक्री करणं हा गुन्हा नाही, सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं केलं तर गुन्हा, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मग गुन्हा आहे तरी काय?

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोलिसांच्या भाषेतला ‘पिटा’, देहविक्रीवर थेट बंदी घालत नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणं हे गुन्हे आहेत. यातला शेवटचा गुन्हा आईच्या पैशांवर शिकणाऱ्या अठरा वर्षांवरच्या मुलालाही लागू होऊ शकतो.

कलम ७ नुसार प्रार्थनास्थळ, शाळा, हॉस्पिटल अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करता येत नाही. आपल्याकडच्या दाट वस्तीत देवळापासून २०० मीटर लांब असलेली खोली शोधून दाखवावी! म्हणजे व्यवसाय कायदेशीर, पण तो करायला कायदेशीर जागा जवळपास नाही. कारवाई कधी आणि कुठे करायची, हे मग पोलिसांच्या हातात राहतं.

खरा भेद कलम ८ मध्ये आहे. गिऱ्हाईकाला खुणावलं, बोलावलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेच पुरुषाने केलं तर सात दिवस ते तीन महिने कैद. पुरुषाला किमान सात दिवसांची कैद आहे आणि महिला फक्त दंडावरही सुटू शकते, हे खरं. पण तिच्यासाठी कलम १०अ वेगळं आहे. कलम ७ किंवा ८ खाली दोषी ठरलेल्या ‘स्त्री’ला कैदेऐवजी दोन ते पाच वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. ५०० रुपयांच्या दंडावर मिटू शकणाऱ्या गुन्ह्यासाठी पाच वर्षं! १९८६ मध्ये कायद्याच्या नावातून ‘स्त्रिया व मुली’ हे शब्द गेले, बऱ्याच कलमांत ‘व्यक्ती’ आली. सुधारायची मात्र फक्त स्त्रीच राहिली.

गिऱ्हाईकाचं काय?

कलम ७ मध्ये दोघंही शिक्षेला पात्र आहेत. त्या हद्दीबाहेर मात्र गिऱ्हाईकासाठी वेगळं कलम नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने गिऱ्हाईकांवरचे गुन्हे रद्द केले आहेत, तर केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये गिऱ्हाईकावर कलम ५ खाली खटला चालू शकतो, असं म्हटलं. २००६ च्या दुरुस्ती विधेयकात कलम ८ काढून टाकायचं आणि गिऱ्हाईकाला शिक्षा द्यायची तरतूद होती. १४ वी लोकसभा विसर्जित झाली, विधेयकही बारगळलं.

मे २०२२ मध्ये ‘सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे हात बांधले’ अशा अर्थाच्या बातम्या झळकल्या. त्या घाईच्या होत्या. न्यायालयाने नेमलेल्या समितीने दहा शिफारशी केल्या होत्या. छाप्यात महिलांना अटक करू नये किंवा त्रास देऊ नये, ही त्यातली एक. पण याच शिफारशीसह चार मुद्द्यांवर केंद्र सरकारने आक्षेप नोंदवला आणि न्यायालयाने तूर्त उरलेल्याच लागू केल्या. कंडोम पुरावा म्हणून वापरू नयेत, महिलांची ओळख प्रसिद्ध करू नये, या त्यातल्या. छाप्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मुलुंडचा प्रकार पहिला नव्हता. सप्टेंबर २०२० मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या छाप्यातल्या तीन सज्ञान तरुणींना सोडताना, देहविक्री हा या कायद्याखाली गुन्हा नाही आणि काम निवडायचा हक्क त्यांना आहे, असं स्पष्ट केलं होतं. त्यांनाही वर्षभर ठेवायचा आदेश होता, तोही माझगावच्याच दंडाधिकाऱ्यांचा. उच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा ते वर्ष संपत आलं होतं.