खरेदीपत्रात लिहिलेला आकडा

आपल्या भागात जमिनीचे दोन भाव असतात. एक चहाच्या टपरीवर बोलतात, दुसरा सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात लिहितात. मी बेळगावात मालमत्तेचं मूल्यांकन करतो. बँकेचं कर्ज, कोर्टातला दावा, भावाभावांतली वाटणी, यासाठी घर-जमिनीची किंमत काढून लेखी द्यायची, हे माझं काम. आणि मित्रांनो, हा लिहिलेला भाव आपली तरुण पोरं फार हलक्यात घेतात. रस्त्यासाठी जमीन मोजायला माणसं आली की मग त्याची आठवण होते.

होतं काय, ते समजा एका उदाहरणावर बघू. शहरालगत गुंठ्याला 10 लाख भाव चाललाय. खरेदीपत्रात लिहितात 4 लाख, कारण सरकारची गाइडन्स व्हॅल्यू तेवढी आहे (महाराष्ट्रातले पाहुणे हिलाच रेडीरेकनर म्हणतात). उरलेले 6 लाख पिशवीतून. "सगळेच तसं करतात की, साहेब," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर बोलतही नाही.

पण यात वाचतं कुणाचं? मुद्रांक शुल्क 5 टक्के, वर उपकर, अधिभार, नोंदणी फी. हे सगळं भरतो घेणारा, म्हणजे बचत त्याची. विकणाऱ्याला सांगतात, तुझा टॅक्स वाचतोय. खेड्यातली शेतजमीन असेल तर बऱ्याचदा तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही. लोकसंख्या 1 लाख ते 10 लाख असलेल्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या पलीकडची शेती आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. बेळगाव याच गटात येतं. म्हणजे जो कर मुळात नव्हताच, तो वाचवायला अण्णांनी खोट्या आकड्यावर अंगठा उठवला! वर रोख घेतल्याची जोखीम त्यांचीच. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

आता माझी बाजू सांगतो. मोकळ्या जमिनीची किंमत आम्ही मुख्यतः तुलनेनं काढतो. जवळपासचे, तशाच जमिनीचे, अलीकडचे व्यवहार बघायचे. मग रस्त्याची रुंदी, दर्शनी बाजू, पाणी, आकार यांनुसार कमी-जास्त करायचं. बाजारात चौकशी मीही करतो; दुकानदार, एजंट, शेजारी, सगळ्यांना विचारतो. पण कोर्टात "टपरीवर 10 लाख बोलतात" हा पुरावा होत नाही. तिथं खरेदीपत्राची नक्कल लागते. आणि नक्कल बोलते 4 लाख.

भूसंपादनात हेच अंगावर येतं. 2013 च्या कायद्याच्या कलम 26 प्रमाणे बाजारभाव ठरवताना मुद्रांकासाठीचा सरकारी दर आणि आसपासच्या खरेदीपत्रांची सरासरी यांतला जास्त आकडा धरतात. सरासरीसाठी मागच्या तीन वर्षांतली खरेदीपत्रं घेतात आणि त्यांतली जास्त किमतीची निम्मी मोजतात. त्या आकड्याला खेड्यात अंतराप्रमाणे 1 ते 2 चा गुणक, शहरात 1. त्यावर 100 टक्के सोलेशियम. वरच्या उदाहरणात शहर हद्दीत 4 लाखांचे झाले 8. पेपरात बातमी येते, "दुप्पट भरपाई". शेतकरी बघतो तर 10 लाखांची जमीन 8 लाखांत गेली. खरा भाव कागदावर असता तर 20 झाले असते. हे 12 लाख कुणी चोरले नाहीत, सगळ्या गावानं मिळून स्टॅम्प वाचवताना घालवले.

जास्त किमतीची निम्मी खरेदीपत्रंच धरतात, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. गावात दहा खरेदीपत्रं असतील तर वरची पाच मोजणार. त्या पाचांत दोन-तीन खऱ्या आकड्याची असली तरी अख्ख्या गावचा दर वर सरकतो. म्हणून "मी एकट्यानं खरं लिहून काय होणार" हा प्रश्न इथं लागू पडत नाही.

हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी विरोध केला तो सुपीक जमीन जाऊ नये म्हणून. तो हक्काचा प्रश्न आहे, भावाचा नाही, आणि दोन्हींची गल्लत मी करणार नाही. पण जिथं जमीन जातेच, तिथं मुदती पळत असतात. राष्ट्रीय महामार्गासाठी असेल तर अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला 21 दिवस. 2013 च्या कायद्याखाली असेल तर 60. नोटीस कन्नडमध्ये येते, बाबा ती शर्टाच्या खिशात घालून आठवडाभर फिरतात, कुणीतरी वाचून देईल म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर असे 21 दिवस संपलेत. मराठीत कागद मिळावेत ही मागणी आपली आहेच, राहील. तोपर्यंत घरातल्या एकाला तरी उतारा, ई.सी. आणि नोटीस कन्नडमध्ये धडाधड वाचता आली पाहिजे. आणि पेटीतले आजोबांचे 1956 च्या आधीचे मराठी, कधी मोडीतले कागदही. वाटणीत आमच्या टेबलावर हे दोन्ही एकत्र येतात, आणि दोन्ही वाचणारा माणूस मिळता मिळत नाही.

ही उणीव म्हणजे एक पोटापाण्याची वाटही आहे, हे जाता जाता सांगतो. सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि 5 वर्षांचा अनुभव असेल (पदव्युत्तर असेल तर 3), तर 50 तासांचा कोर्स आणि आयबीबीआयची परीक्षा देऊन जमीन-इमारतीचा नोंदणीकृत मूल्यांकनकार होता येतं. आकडा फुगवून मागणारे भेटतील. कर्जदार मागतो, कधी कर्ज देणाराही. सही तुमची असते, नंतर ते कुणी ओळख दाखवत नाहीत.

2013 च्या कायद्याखाली निवाडा झाला आणि रक्कम पटली नाही, तर घेताना लेखी हरकत नोंदवूनच घ्यायची. मुकाट्यानं घेतली तर कलम 64 खाली वाढीव मागायचा रस्ता बंद. आणि जमीन जाण्याची नुसती कुणकुण लागली तरी आधी गावच्या तीन वर्षांच्या खरेदीपत्रांच्या नकला काढून ठेवा. फी भरली की सब-रजिस्ट्रारकडं मिळतात.