रोजा आणि थायरॉईडची गोळी

बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारी असो वा पालघरहून पहाटेची गाडी पकडणारी, रमजानमध्ये बाईचे सारे घड्याळच बदलते. सहेरीच्या धावपळीत थायरॉईडची गोळी राहून जाते. काही आठवड्यांत थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठता परततात आणि दोष रोज्याला मिळतो.

गोळी आणि रोजा यांचे भांडण नाही. थायरॉक्सिन शरीरात सावकाश खर्च होते, म्हणून दिवसातून एकदाच पुरते. फक्त पोट रिकामे हवे. सहेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी, नाहीतर इफ्तारनंतर तीन-चार तास काही न खाता, तरावीहनंतर झोपताना ती घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात. वेळ ठरवायची ती डॉक्टरांना विचारून, शक्यतो रमजानआधीच.

काहींना ‘नैसर्गिक’ थायरॉईडची ओढ वाटते. 1891 मध्ये इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काने पहिला रुग्ण बरा केला. आज मात्र ही भुकटी बहुधा डुकराच्या ग्रंथीची असते. मुसलमानाला ती चालत नाही, शाकाहारी शेजाऱ्यालाही नको असते. शिवाय तिच्यात टी-3 चे प्रमाण माणसाच्या ग्रंथीपेक्षा बरेच जास्त. त्याने छातीत धडधड होऊ शकते. प्रयोगशाळेत बनलेल्या थायरॉक्सिनला ही अडचण नाही. गोळी घेऊनही थकवा राहिला तर टीएसएच तपासावे, औषध परस्पर बदलू नये.

आजाऱ्याला इस्लामने सवलत दिली आहे. राहिलेला रोजा पुढे भरून काढता येतो. श्रावणातले उपवास करणाऱ्या शेजारणीलाही गोळीचा हाच नियम लागू आहे.