फ्यूजमध्ये जाड तार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही चिडून. काल टीममधल्या एकाचा जावातला कोड तपासत होतो. बारा ठिकाणी ट्राय-कॅच, आणि बाराही कॅच रिकामे! विचारलं तर म्हणतो, "सर, प्रोग्रॅम क्रॅश व्हायला नको ना."

मावशी, काकू, तुमच्यासाठी सोपं करून सांगतो. प्रोग्रॅममध्ये काही बिनसलं की 'एक्सेप्शन' नावाचा ऑब्जेक्ट तयार होतो. ही एक तक्रारच. ज्याने काम सांगितलं त्याच्याकडे ती जाते, तिथून त्याच्या वरच्याकडे, कुणीतरी 'कॅच' करेपर्यंत. कॅच करून काहीच केलं नाही, तर तक्रार तिथेच मेली. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक असतात ना, तसलाच प्रकार. दिवे चालू राहतात.. आग लागेपर्यंत.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका पतसंस्थेसाठी व्याज काढायचा प्रोग्रॅम लिहिला होता. ठेवीची तारीख वाचता आली नाही तर कॅच, आणि व्याज शून्य. काही जुन्या ठेवींच्या तारखा वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या निघाल्या. प्रोग्रॅम एकदाही बंद पडला नाही, सगळे खूश. मग एक आजोबा पासबुक घेऊन आले. "साहेब, या वेळी व्याजच नाही?" औषधांचा खर्च त्यावर धरला होता त्यांनी. प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी क्रॅश झाला असता तर शिव्या मला बसल्या असत्या. मी त्या वाचवल्या, आणि भुर्दंड आजोबांना.

"पण न हाताळलेल्या एक्सेप्शननेच तर एरियान-५ रॉकेट पाडलं!" असं कुणीतरी म्हणणारच. खरंय. ४ जून १९९६. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही, एक्सेप्शन आलं, आणि रॉकेटची दिशा मोजणारी यंत्रणा बंद पडली. आधी राखीव, मग मुख्य, कारण दोन्हींत सॉफ्टवेअर तेच. पण पुढचं वाचा. बंद पडताना त्या यंत्रणेने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य कॉम्प्युटरने उड्डाणाची माहिती समजून वापरली आणि रॉकेट भलतीकडे वळवलं. जेमतेम ४० सेकंदांत खेळ खलास! म्हणजे माझ्या शून्याचाच मोठा भाऊ. दोन्हीकडे चूक उत्तराचे कपडे घालून आली, आणि पुढच्याने तिला उत्तर समजून घरात घेतलं.

बरं, काही झालं की सगळं बंद पाडा असंही माझं म्हणणं नाही. एरियानमध्ये ज्या गणिताने घात केला, त्याची जमीन सोडल्यावर गरजच नव्हती. तेवढं सोडून पुढे जाता आलं असतं. पण तो निर्णय कुणीतरी विचार करून घ्यायचा असतो. रिकामा कॅच हा निर्णय नव्हे, निर्णय टाळणं आहे.

जिथे खरोखर काही करता येतं तिथेच पकडा. नाही तर वर जाऊ द्या. वरच्याने नोंद करावी आणि समोरच्या माणसाला सरळ सांगावं, "व्याज काढता आलेलं नाही." 'शून्य' आणि 'माहीत नाही' यांत फरक आहे हो!

असो. त्या बारा कॅचपैकी अकरा आज काढायला लावले. एक ठेवला. तिथे नेटवर्क तुटलं तर पुन्हा प्रयत्न करता येत होता.