निवडणुकीवर पहारा कोणाचा? परदेशी निरीक्षकांचा की मतदार जनतेचा?

जून २०२५ मध्ये बिहारमध्ये सुरू झालेले मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण ऑक्टोबर २०२५ मध्ये राजस्थान व गोव्यासह १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांवर लादण्यात आले. निवडणूक आयोगावरील जनतेचा विश्वास ढासळू लागला की सुशिक्षित मध्यमवर्गातून एक प्रश्न हमखास विचारला जातो : आयोगच पक्षपाती असेल, तर आंतरराष्ट्रीय निरीक्षक का बोलावू नयेत? प्रश्न विचारणाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू प्रामाणिक आहे. परंतु हेतू प्रामाणिक असला म्हणून उपाय योग्य ठरत नाही.

या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टन वा जिनिव्हापेक्षा जयपूरच्या जवाहर नगरात लवकर सापडेल. शहराच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी पसरलेली तेथील कच्ची वस्ती ही जयपूरच्या मोठ्या वस्त्यांपैकी एक. अशा वस्तीतला मजूर पहाटे नाक्यावर उभा राहतो आणि दिवेलागणीला परततो; घरकाम करणारी स्त्री चार घरची भांडी घासून दुपार टळल्यावर घरी येते. यादी तपासणारा कर्मचारी दारात येतो तेव्हा दाराला कुलूप असते. २००२ च्या यादीशी स्वतःचे वा आईबापांचे नाते जुळले नाही, तर नोटीस येते आणि कागद मागितले जातात. ज्याच्या पायाखालच्या जमिनीचा पट्टाच नाही, त्याने कोणता कागद दाखवावा?

मतदानाच्या दिवशी अशा वस्तीतून परदेशी निरीक्षकांचे पथक फिरले, तर त्याला काय दिसेल? शिस्तबद्ध रांग, शाई लावलेली बोटे, सीलबंद यंत्रे. ज्याचे नाव यादीतून अगोदरच उडाले तो त्या रांगेत नसतो, म्हणून तो निरीक्षकाच्या अहवालातही नसतो. बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. ती नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिला, तेव्हा कुठे ती लोकांसमोर आली. मतदानास अजून अवधी होता. निवडणुकीची चोरी यादीच्या कागदावर होत असेल, तर मतदानाच्या दिवशी येणारा पाहुणा ती पकडणार कशी?

साम्राज्यवादाची प्रमाणपत्रे

परदेशी निरीक्षणाचा इतिहास तपासला, तर त्याच्या दोन बाजू स्पष्ट दिसतात. एक बाजू वसाहतवादाच्या अंताची आहे. १९८० मध्ये ऱ्होडेशियात गोऱ्यांची राजवट संपली, तेव्हा राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटाचे अध्यक्षपद भारताच्या राजेश्वर दयाळ यांच्याकडे होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये नामिबियात संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली मतदान झाले आणि स्वापोने ७२ पैकी ४१ जागा जिंकल्या. तेथे राज्य परकीयांचे होते, बंदूक परकीयांची होती. दीर्घ सशस्त्र लढ्याने त्यांना वाटाघाटीस भाग पाडले आणि मगच निरीक्षक आले. निरीक्षकांनी स्वातंत्र्य दिले नाही. स्वातंत्र्यलढ्याने निरीक्षकांना जागा करून दिली.

दुसरी बाजू याहून वेगळी आहे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कोरियाविषयक आयोगाने केवळ दक्षिणेतील निवडणुकीवर देखरेख केली आणि देशाच्या फाळणीवर आंतरराष्ट्रीय मान्यतेची मोहोर उमटली. बोलिव्हियाचे उदाहरण तर ताजे आहे. ऑक्टोबर २०१९ च्या निवडणुकीनंतर अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या निरीक्षकांनी मतमोजणीवर संशय घेतला. या संघटनेच्या तिजोरीत सर्वाधिक भर अमेरिकेची असते. १० नोव्हेंबरला तिचा प्राथमिक अहवाल आला, त्याच दिवशी सेनाप्रमुखाने ‘सूचना’ केली आणि इव्हो मोरालेस यांना राजीनामा द्यावा लागला. पुढील काही दिवसांत साकाबा आणि सेनकाता येथे मूळनिवासी कष्टकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. निरीक्षकांच्या सांख्यिकी निष्कर्षांतील दोष नंतर अमेरिकेतीलच संशोधकांनी दाखवून दिले. ऑक्टोबर २०२० मध्ये मोरालेस यांच्याच पक्षाने ५५ टक्के मते घेऊन निवडणूक जिंकली. परंतु मधल्या वर्षात जे मारले गेले ते कोणत्याही दुरुस्तीपत्रकाने परत आले नाहीत.

जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्यांच्या घरी काय चालते? २०१२ मध्ये युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे निरीक्षक अमेरिकेत आले, तेव्हा टेक्सासच्या महाधिवक्त्याने त्यांना बजावले की मतदान केंद्राच्या १०० फुटांच्या आत पाऊल टाकाल, तर खटला भरला जाईल. निरीक्षण हे दुर्बळ राष्ट्रांसाठी बंधन आणि बलाढ्यांसाठी शिष्टाचार, असा हा न्याय आहे.

सार्वभौमत्व कोणाचे?

परंतु एवढे म्हणून थांबणे म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या हाती आयती ढाल देणे होय. परदेशी निरीक्षक नकोत, असे राज्यकर्तेही म्हणतात. त्यांचा ‘राष्ट्राभिमान’ किती सोयीस्कर आहे, हे घटनाच सांगतात. २००२ मध्ये जम्मू-काश्मीरच्या निवडणुकीसाठी परदेशी निरीक्षक नाकारले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच प्रदेशात दिल्लीतील परदेशी मुत्सद्द्यांना सरकारनेच मतदान पाहण्यास नेले. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने २३ देशांतील ७५ प्रतिनिधींना पाहुणे म्हणून बोलावले आणि महाराष्ट्र व गोव्यासह सहा राज्यांत फिरवले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीत काय घडले? गावात पडलेल्या मतांचा आकडा ग्रामस्थांना पटला नाही. त्यांनी स्वखर्चाने ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर प्रतीकात्मक मतदान घेण्याचे ठरवले. त्याला कायदेशीर मोल नव्हते आणि त्यातून कोणी आमदार होणार नव्हता. तरीही प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस बंदोबस्त लावला, मतदान होऊ दिले नाही आणि वर गुन्हे नोंदवले. परदेशी पाहुण्यांना मतदान केंद्राचे दार उघडे आणि गावच्या मतदाराला स्वतःच्या मताची पडताळणी करण्यास बंदी! ज्या सार्वभौमत्वाचा एवढा गवगवा केला जातो ते कोणाचे आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

हा अपवाद नाही; त्यामागे एक सुसंगत धोरण आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीशांचा समावेश केला. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला आणि समितीत सरकारचे बहुमत पक्के केले. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून मतदान केंद्रांतील चित्रीकरण जनतेच्या नजरेआड केले गेले. मे २०२५ मध्ये, निकालास आव्हान नसल्यास ते ४५ दिवसांनंतर नष्ट करण्याची मुभा देण्यात आली. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले, पण तोवर मक्तेदार भांडवलदारांचे गुप्त धन सत्ताधारी पक्षाच्या तिजोरीत पोहोचले होते. जनतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि परकीयांना आरास दाखवायची, हे भांडवली-जमीनदारी राज्याचे खरे स्वरूप आहे.

गोव्याचा धडा

मराठी वाचकाला गोव्याचा जनमत कौल आठवत असेल. महाराष्ट्रात विलीनीकरण की स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या जिव्हाळ्याचा होता आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुढारी होते. सत्तेवर बसलेल्या पक्षकाराच्या हाताखाली निष्पक्ष कौल होणार नाही, हा आक्षेप गोव्यातूनच पुढे आला. डिसेंबर १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले. हा निकाल असंख्य मराठीप्रेमींना झोंबला, पण तो मानला गेला. पोर्तुगालने त्या वेळी गोव्यावरील हक्क सोडलेला नव्हता. तो १९७४ मध्ये, लिस्बनमधील फॅसिस्ट राजवट कोसळल्यावर सुटला. त्या काळात परदेशी देखरेखीला दार उघडले असते, तर त्यातून सालाझारही आत डोकावला असता. निष्पक्षता परकीय पाहुण्याने आणली नाही. सत्ताधाऱ्याला खुर्चीवरून उतरवणाऱ्या अटीने ती आणली.

निवडणूक घेण्याचे ज्ञान भारताला उसने आणावे लागले नाही. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनाच १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून बोलावले गेले. पण याच सेन यांच्या काळातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली, कारण त्यांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच झाली होती. त्यात राजस्थानातील स्त्रियांचा वाटा मोठा होता. ती उणीव कोणा निरीक्षक पथकाने भरून काढली नाही. घरोघर जाऊन स्त्रियांची स्वतःची नावे नोंदवूनच ती भरून निघाली.

हजेरीपटाकडून मतदार यादीकडे

राजस्थानच्या कष्टकऱ्यांनी पहाऱ्याची स्वतःची रीत घडवली आहे. १९९४ च्या अखेरीस मजदूर किसान शक्ती संघटनेने तेथील खेड्यांत जनसुनावणी सुरू केली. सरकारी कामांचे हजेरीपट भर चौकात वाचले गेले. मेलेल्या माणसांनी मजुरी घेतल्याच्या आणि गावात नसलेल्यांनी खडी फोडल्याच्या नोंदी उघड झाल्या. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस आणि १९९७ मध्ये जयपूरला ५३ दिवस धरणे धरून मजुरांनी कागद पाहण्याचा हक्क मागितला. २००० मध्ये राजस्थानात आणि २००५ मध्ये देशात माहिती अधिकाराचा कायदा झाला, त्यामागे हा लढा आहे. हजेरीपट खरा की खोटा, हे बाहेरचा हिशेबनीस सांगू शकत नव्हता. कोण कामावर होता, कोण मेला आणि कोण परगावी गेला, हे गावालाच ठाऊक होते.

मतदार यादी हाही एक हजेरीपटच आहे. जवाहर नगरच्या गल्लीत कोण राहतो, हे तेथील पाणी भरणाऱ्या बाया कोणत्याही निरीक्षकापेक्षा अचूक सांगतील. म्हणून यादीचे जाहीर वाचन झाले पाहिजे, वगळलेल्या प्रत्येक नावाचे कारण भिंतीवर लागले पाहिजे आणि सुनावणी वस्तीतच, कामावरून परतण्याच्या वेळी झाली पाहिजे. मतदानाच्या दिवशी केंद्रप्रमुखाने प्रत्येक मतदान प्रतिनिधीला झालेल्या मतांचा हिशेब, म्हणजे नमुना १७-क, देणे नियमाने बंधनकारक आहे. मोजणीच्या टेबलावर तो कागद आकड्याशी ताडून पाहता येतो. ज्या केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी पहाटेच्या चाचणी मतदानापासून सील लागेपर्यंत हलत नाही, तेथे निरीक्षक हजर असतो. जेथे ती खुर्ची रिकामी राहते, तेथे शंभर परदेशी पथकेही निरुपयोगी आहेत.

निवड समितीतून सरकारचे बहुमत हटवणे, चित्रीकरण खुले करणे, कागदी चिठ्ठ्यांची मोजणी पाच केंद्रांपुरती न ठेवता वाढवणे, वगळलेल्यांना न्याय मिळेपर्यंत यादी अंतिम न करणे, या मागण्यांसाठी देशव्यापी लढा उभारावा लागेल. त्या लढ्याला जगभरच्या कामगारवर्गाचा बंधुभाव हवा आहे. साम्राज्यवाद्यांच्या दाखल्याची त्याला गरज नाही. पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील यादी हाती घ्यावी, वस्तीच्या चौकात ती मोठ्याने वाचावी आणि गळलेले प्रत्येक नाव परत लिहून घेईपर्यंत स्वस्थ बसू नये.