स्पेसशिप विका, तास फुकट वाटू नका

मार्केट यार्डात आवक वाढली की कांद्याचा भाव पडतो. हातानं रंगवलेल्या, लाइट लावलेल्या स्पेसशिप मॉडेलला हा नियम लागत नाही. तरी बरेच जण किटच्या किमतीवर थोडेफार चढवतात आणि विकून टाकतात. माझं स्पष्ट मत : हा धंदा नाही, ही हौस आहे.

हिशोब बघा. समजा किट ३००० रुपये, रंग-एलईडी-वायर १०००. विकलं ६००० ला. उरले २०००. काम ४० तास. म्हणजे तासाला फक्त ५० रुपये!

तास जातात कुठे? आतून आधी काळा रंग, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो. त्यावर पांढरा, म्हणजे उजेड पसरतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ३ व्होल्टचा एलईडी थेट जोडला तर जळतो, म्हणून ३३० ओहमचा रेझिस्टर. सांधा चिकटवण्याआधी प्रत्येक दिवा तपासायचा. गिऱ्हाईकाला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि भाव सांगताना दाखवा.

आता सीझन. २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्टला, गणपती बसले १९ सप्टेंबरला. मध्ये २७ दिवस. रोज ४ तास दिले तरी १०८ तास, म्हणजे जेमतेम दोन मॉडेल. माल वाढवता येत नसेल तर भाव वाढवलाच पाहिजे.

पुढची ऑर्डर घेण्याआधी तासाचा दर वहीत लिहा. आणि अर्धा अ‍ॅडव्हान्स हातात आल्याशिवाय किट उघडू नका.