हिशेब दिसला पाहिजे

बुडत्या संस्थांना वाचविण्यासाठी सरकारने लोकांचा पैसा खर्च करावा की नाही, याविषयी मतभेद संभवतात. परंतु तो खर्च झालाच, तर पैसा कोठे गेला हे लोकांना कळले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. शेकडो पृष्ठांच्या कोष्टकांत गाडलेला हिशेब कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्ध, पण नागरिकाच्या दृष्टीने गुप्तच असतो. म्हणून तो आलेखांतून व चित्रांतून मांडणे ही केवळ शोभेची बाब आहे, असे आम्ही मानीत नाही. विल्यम प्लेफेअरने १७८६ सालीच इंग्लंडचा व्यापार आणि राष्ट्रीय कर्ज रेषांनी रेखाटून दाखविले होते.

अमेरिकेचे उदाहरण पाहावे. ३ ऑक्टोबर २००८ रोजी तेथे ७०,००० कोटी डॉलरांच्या साहाय्याचा कायदा झाला. पुढे मार्च २००९ मध्ये, सरकारच्या आधाराने तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने अधिकाऱ्यांना १६.५ कोटी डॉलर बोनस दिल्याचे कळताच देशभर संताप उसळला. सरकार व मध्यवर्ती बँक यांनी या कंपनीला देऊ केलेले साहाय्य १८,२०० कोटींच्या घरात होते. ही रक्कम एक मीटर लांबीच्या पट्टीने दाखविली, तर तो बोनस एक मिलिमीटरही भरत नाही. उलट, या कंपनीच्या हातून गोल्डमन सॅक्सला पोचलेले १,२९० कोटी डॉलर सात सेंटिमीटर भरतात! संताप अनाठायी नव्हता. परंतु मिलिमीटरवर खिळलेली दृष्टी सेंटिमीटरांकडे वळविण्याचे सामर्थ्य चित्रातच असते.

अर्थात चित्रही खोटे बोलू शकते. दुप्पट रकमेसाठी दुप्पट व्यासाचे वर्तुळ काढले, की त्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वाचक फसतो. दिलेला पैसा दाखवून परत आलेला झाकणे, हेही असत्यच. एआयजीच्या व्यवहारात अखेर २,२७० कोटी डॉलरांचा लाभ झाल्याचे अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०१२ मध्ये जाहीर केले. जनरल मोटर्सच्या बाबतीत मात्र एक हजार कोटींहून अधिक डॉलरांचा तोटा सोसावा लागला. दोन्ही गोष्टी एकाच मापाने रेखाटल्या पाहिजेत.

आणि मुळात नोंदच नसेल, तर चित्रकार तरी काय करणार? बँकेच्या तिजोरीत मिसळलेला पैसा वेगळा ओळखता येत नाही, अशी सबब तेथेही पुढे आली होती. विशेष महानिरीक्षक नील बारोफ्स्की यांनी साडेतीनशेहून अधिक संस्थांना सरळ पत्रे पाठवून विचारणा केली, आणि बहुतेकांनी विनियोग सांगितला. विचारले, म्हणून उत्तर मिळाले.

आपल्याकडेही ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक बँकांच्या भांडवलासाठी २ लाख ११ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांपैकी १ लाख ३५ हजार कोटी रोख्यांच्या मार्गाने यावयाचे होते. कोणत्या बँकेला किती मिळाले, बुडीत कर्जांची खिंडारे बुजविण्यात किती गेले आणि नव्या कर्जांच्या कामी किती आले, हे शाळकरी मुलालाही उमगेल अशा एका चित्रात मांडणे सरकारवर बंधनकारक असावे, अशी आमची मागणी आहे. पैसा ज्याचा, त्याला हिशेब समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे.