प्रवासी न पाहिलेली गाडी

जपानची रेल्वे म्हटलं की आपल्याकडे लगेच बुलेट ट्रेनचा विषय निघतो. मुंबई-अहमदाबादमुळे जरा जास्तच. आज त्याच जपानमधल्या एका गाडीबद्दल लिहितोय, जिच्यातून एकाही प्रवाशाने कधी प्रवास केला नाही.

किहा २८५. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या जेआर होक्काइदो कंपनीची तीन डब्यांची प्रायोगिक डिझेल गाडी. वळणावर डबा आतल्या बाजूला कलतो, म्हणजे वेग फारसा न तोडता वळण घेता येतं आणि माणूस शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही. अशा गाड्या तिथे आधीपासून होत्या, पण ही ८ अंशांपर्यंत कलणार होती. इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. लक्ष्य ताशी १४० किमी.

सप्टेंबर २०१४ मध्ये गाडी तयार होत होती आणि त्याच महिन्यात कंपनीने सांगून टाकलं, प्रकल्प बंद. पैसा आणि माणसं आता सुरक्षेसाठी आणि येऊ घातलेल्या शिंकानसेनसाठी लागणार आहेत.

काय झालं होतं? मे २०११ मध्ये याच कंपनीची एक कलणारी एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि बोगद्यात पेटली. सुमारे अडीचशे प्रवासी धुरातून चालत बाहेर आले. कुणी दगावलं नाही, हे नशीबच. सप्टेंबर २०१३ मध्ये मालगाडी घसरली. चौकशीत निघालं की रुळांमधलं अंतर मर्यादेबाहेर वाढलेलं, दुरुस्ती रखडलेली, आणि मोजमापाचे आकडेसुद्धा बदललेले.

'बनवलेली गाडी मोडीत काढणं म्हणजे उधळपट्टी' असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. रूळ मोजणारा माणूस खोटे आकडे लिहितो तिथे १४० चा वेग कुणाच्या भरवशावर द्यायचा? राग येतो तो याचा, की एवढं शहाणपण यायला आधी बोगदा पेटावा लागला.

आणि आम्ही पत्रकार? वीसेक वर्षांत नव्या गाडीच्या, हिरव्या झेंड्याच्या बातम्या मी किती दिल्या, मोजदाद नाही. आमच्या स्टेशनच्या पलीकडे भर उन्हात रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनवर? एक. तीही आतल्या पानात, चार ओळी.

त्या गाडीचं पुढे काय झालं म्हणाल, तर निदान रुळांच्या तपासणीला तरी वापरू, असा विचार झाला होता. तेही जमलं नाही. २०१७ मध्ये ती भंगारात गेली.